अंगठा, काच आणि धोटा
(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

गेल्या अंकात एकीनं एका ओळीत विचारलं होतं, भविष्यकाळावरच्या विज्ञानकथा इतक्या काळ्याकुट्ट का असतात. मी चार ओळींत उत्तर दिलं, की ज्याला घराची काळजी तोच रात्री उठून कडी लागली का बघतो. मला वाटलं भागलं. खरं पत्रांचा ढीग आला. (बेळगावाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. खऱ्या-खोट्यातलं खरं वेगळं, ते सुरावरनं ओळखायचं.) संपादकांनी दोन पानं वाढवून दिली आहेत, तर या वेळी हाच एक विषय.

आधी एक शब्द निस्तरते. थॉमस मोरनं १५१६ साली एका आदर्श बेटाची गोष्ट लिहिली आणि बेटाला नाव दिलं यूटोपिया, म्हणजे कुठंच नसलेली जागा. त्याच्या उलट ती डिस्टोपिया. १८६८ साली जॉन स्टुअर्ट मिलनं ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना याच शब्दानं सरकारला टोमणा मारला होता. शाळेत मी मुलांना ‘उलटं रामराज्य’ असं सांगायची. ते पटकन कळायचं.

बाई, कॉलेजात ‘विज्ञान : शाप की वरदान’ यावर निबंध स्पर्धा आहे. मी डिस्टोपियन कादंबऱ्यांवर लिहिणार आहे. त्यांत सारखे डोळे, काचेच्या भिंती, पडदे असंच का येतं? आणि ऑर्वेलचा टेलिस्क्रीन म्हणजेच आपला मोबाइल, असं लिहिलं तर चालेल काय?
— बारावीतली विद्यार्थिनी, खानापूर

चालेल. गुणही मिळतील. परीक्षकानं ते वाक्य आधीच्या दहा निबंधांत वाचलेलं असणार, आणि ओळखीचं वाक्य दिसलं की परीक्षकाला बरं वाटतं. तीस वर्षं मी तेच केलंय. खरं तुला विषयच कळून घ्यायचा असेल तर जरा थांब.

काचेपासून सुरू करू. येवगेनी झाम्यातिन हा रशियन माणूस जहाजबांधणीचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं इंग्लंडात बांधली जात होती, त्यांवर देखरेख करायला तो १९१६ साली न्यूकॅसलला गेला. परतल्यावर १९२०-२१ मध्ये त्यानं ‘आम्ही’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं आरपार काचेची. पडदा ओढायचा तर गुलाबी कूपन लागतं, तेही ठरल्या तासापुरतं. आणि जेवताना प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, सगळ्यांनी एका तालात. आपल्या आज्या बत्तिसावर थांबायच्या, हे त्यांचे उपकार. मला त्या काचेपेक्षा हा घास जास्त भिववतो. भिंत काचेची करायला सरकार लागतं. घास मोजायची सवय एकदा अंगी लागली की माणूस अंधारातही मोजत बसतो. ही कादंबरी १९२४ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं.

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानं ही कादंबरी वाचली होती, तिच्यावर लिहिलंही होतं. त्याचा टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवर बसवलेला आणि उलट आपल्यालाच बघणारा पडदा, ‘१९८४’ या कादंबरीतला, ती १९४९ ची. सगळे त्याला ‘सतत पाहणारा’ म्हणतात. पुस्तक उघडून बघ. तो आत्ता पाहतोय की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून लोक चोवीस तास पाहिल्यासारखे वागतात. आणि एक बारीकशी गोष्ट आहे. कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याच्या खोलीत तो पडदा भलत्याच भिंतीवर बसवलाय, त्यामुळं एक कोनाडा त्याच्या नजरेतून सुटलाय. पुस्तकं ठेवायला केलेला असावा. त्या कोनाड्यात बसून विन्स्टन डायरी लिहितो. पुढचं सगळं रामायण तिथनं घडतं.

गेल्या दिवाळीत भाच्यानं आमच्या अनगोळच्या घराला कॅमेरे बसवले. ‘मावशी, तू एकटी असतेस.’ एक फाटकावर, एक मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर रोखलेला. तो पुण्यात बसून फोनवर बघणार. आठवडाभरानं माझ्या ध्यानात आलं, की मागच्या दारी जाताना मी उगाच पदर सारखा करायला लागलेय. आणि धुणं आपटताना जे काय मोठ्यानं गाणं म्हणायची, ते बंद पडलंय. भाच्याला विचारलं, रोज बघतोस काय रे? म्हणाला, ‘नाही गं, महिन्यात एकदाही उघडलेलं नाही.’ बघणारं कुणी नव्हतं आणि माझं गाणं गेलं. आता त्या कॅमेऱ्यासमोर जास्वंदीची फांदी वाढत आलीय. मी ती छाटत नाही.

राहिला मोबाइल. टेलिस्क्रीनच्या पलीकडं माणूस होता. सकाळच्या कवायतीत विन्स्टन नीट वाकत नाही तेव्हा पडद्यातली बाई त्याला नंबरानं हाक मारून खडसावते. म्हणजे तिला तो दिसतो, तिच्याशी खोटं बोलता येतं, ती चुकू शकते. दुसरं असं, की ऑर्वेलच्या त्या राज्यात गरिबांच्या घरी बहुतेक टेलिस्क्रीन नव्हताच. नजर ठेवावी एवढी त्यांची किंमत कुणाला वाटत नव्हती. आपल्याकडं याच्या बरोबर उलटं झालंय. ते कसं, हे पुढं निपाणीकडच्या पत्रात वाच.

आणि निबंधात ‘शाप’ आणि ‘वरदान’ हे दोन शब्द मथळ्याबाहेर येऊ देऊ नकोस. घरातली एक वस्तू धर. विजेचं मीटर धर, भावाच्या हातातलं घड्याळ धर. दोन पानं तिच्यावरच लिही.

माझी सून दिवसभर कानात ती पांढरी बटणं घालून असते. हाक मारली तरी ऐकू येत नाही. यावर इशारा देणारं एखादं पुस्तक आहे काय? तिला भेट द्यावं म्हणतो.
— एक निवृत्त वाचक, टिळकवाडी, दुसरं गेट

आहे. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ मधली बायको रात्रभर कानांत शिंपल्याएवढे रेडिओ घालून पडलेली असते. पुस्तक १९५३ चं. खरं भेट देण्याआधी स्वतः वाचा. त्यातल्या नवरा-बायकोला आपण पहिल्यांदा कुठं भेटलो हेच आठवत नाही, दोघांनाही. त्याचा दोष शिंपल्यांवर कसा टाकायचा? आणि सून काय ऐकते ते एकदा विचारा. माझ्या ओळखीची एक सून भांडी घासताना स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकायची. आज ती नोकरीला आहे आणि भांडी सासरे घासतात.

मी वडगावचा विणकर. घरात दोन माग. सुरतेच्या साडीपुढं आमची साडी टिकत नाही. आता व्यापारी म्हणतो, नक्षी कॉम्प्युटर काढतो, तुम्ही नुसती मजुरी सांगा. पोरगा म्हणतो सिनेमात दाखवतात तसे रोबो येणार, आत्ताच माग विकूया. सिनेमातलं खरं होतं काय?
— एक यंत्रमागवाला, वडगाव

दादा, तो लोखंडी रोबो घटकाभर बाजूला ठेवा. त्या शब्दाचं मूळ सांगते, म्हणजे तुमच्या प्रश्नाला हात घालता येईल. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० साली एक नाटक छापलं. त्यात एका कारखान्यात कृत्रिम कामगार तयार करतात. त्यांना काय म्हणावं ते त्याला सुचेना. भाऊ योसेफ चित्रकार होता, त्यानं सुचवलं: रोबोट. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं राबणं. आपल्याकडची वेठ. तेव्हा ‘यंत्रमानव’ हे त्या शब्दाचं मराठी नव्हेच. खरं मराठी ‘वेठबिगार’. नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, मांसासारख्या पदार्थाचे होते. पत्रा त्यांना सिनेमावाल्यांनी नंतर चढवला. चापेकला राग होता तो माणसाला वेठीला धरणाऱ्यांचा, रोबोट हे त्यानं नाटकापुरतं घेतलेलं सोंग.

आता तुमच्या मागाकडं येते. लहानपणी खासबागेत माझ्या एका मैत्रिणीच्या घरी चार माग होते. त्या खडखडाटात आम्ही सागरगोटे खेळायचो. तिचे वडील स्वयंपाकघरात जेवायला बसलेले असायचे आणि मधेच हात धुऊन उठायचे, ‘तिसऱ्यावर धागा तुटला.’ आम्हाला सगळा एकच गोंधळ ऐकू यायचा. त्यांना आडवा धागा घेऊन धावणाऱ्या चार धोट्यांचे चार आवाज वेगळे यायचे.

तुमच्याकडं नक्षी विणणारा जुना जकार्ड असेल तर त्याचे भोकं पाडलेले पुठ्ठे अडगळीत पडले असतील. रद्दीत घालू नका. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं धागा खाली राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोन शब्दांत अख्खा मोर विणून निघतो. फ्रान्सच्या लियाँ शहरात जाकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास हे जमवलं. पुढं १८३० नंतर चार्ल्स बॅबेजनं गणितं करणारं यंत्र कल्पिलं तेव्हा हेच पुठ्ठे त्यानं उसने घेतले. एडा लवलेस या बाईनं १८४३ साली त्यावर टिपणं लिहिली. त्यांत तिनं म्हटलंय, की माग जशी पानं-फुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. व्यापाऱ्याला सांगा, तुझा कॉम्प्युटर आमच्या मागाच्या पोटी जन्मलाय.

ही एडा कवी बायरनची मुलगी. आणि हा बायरन विणकरांच्या बाजूनं बोललेला माणूस. १८११ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणणाऱ्यांनी माग फोडायला सुरुवात केली. लडाइट म्हणतात त्यांना. यंत्राला भिणारा अडाणी अशा अर्थानं आज हा शब्द फेकला जातो, ते साफ चूक आहे. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच यंत्रांवर पोट भरत होती. त्यांनी माग निवडून फोडले. ज्या मालकानं हलका माल काढून मजुरी पाडली त्याचा फुटायचा, शेजारच्याचा शाबूत राहायचा. सरकारनं १८१२ साली माग फोडण्याला फाशीची शिक्षा लावायचा कायदा केला. त्या विधेयकाविरुद्ध बायरननं लॉर्डांच्या सभागृहात भाषण केलं, त्याचं तिथलं पहिलं भाषण. कुणी ऐकलं नाही. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला लडाइट म्हणून पकडलेल्या १७ जणांना फाशी झाली.

तीन वर्षांनी, १८१६ च्या उन्हाळ्यात, हाच बायरन जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहत होता. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेनं युरोपात उन्हाळा आलाच नाही. पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. त्यात १८ वर्षांची मेरी होती, पुढची मेरी शेली. तिची गोष्ट १८१८ साली छापली: फ्रँकेन्स्टाइन. लोक राक्षसाला फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, ते नाव त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं. राक्षसाला नावच नाही. त्यानं डोळे उघडले आणि हा शास्त्रज्ञ घाबरून पळाला. पुढं सगळा अनर्थ झाला तो त्या पळण्यानं. राक्षस तर बिचारा भिंतीच्या फटीतून दुसऱ्यांचं ऐकून बोलायला शिकत होता.

आता तुमचं पत्र. मी ते भिंगाखाली धरून वाचलं आणि मला त्यात भीती वाटली ती ‘तुम्ही नुसती मजुरी सांगा’ या वाक्याची. रोबो कधी येईल तेव्हा येईल, व्यापाऱ्यानं तुम्हाला आजच रोबो म्हणून टाकलंय. नक्षी कुणाची, भाव कुणाचा, हे ठरवायच्या खोलीत तुमची खुर्ची राहिली नाही. माग विकायचा की नाही हे मी सांगणार नाही, त्यातलं मला काडीचं कळत नाही. खरं पोराला एकदा जवळ बसवून चार मागांतला तुटलेला धागा कानानं कसा ओळखायचा ते शिकवा. आणि त्याच्याकडनं ते नक्षीचं सॉफ्टवेअर तुम्ही शिकून घ्या. पुठ्ठे वाचता आलेल्या माणसाला ते जड नाही.

हे सगळे भस्मासुर आपल्या पुराणांत आधीच सांगून ठेवलेत. परदेशी पुस्तकं वाचून जीव घाबरवून घेण्यापेक्षा ज्ञानेश्वरी वाचावी.
— एक वारकरी, येळ्ळूर

माउली, ज्ञानेश्वरी मीही वाचते. खरं भस्मासुर इथं बसत नाही. तो वर मागून देणाऱ्यावरच उलटला. या कथांतली यंत्रं बहुधा उलटत नाहीत, सांगितलं तेच आणि तेवढंच करतात, पंचाईत तिथं आहे.

पसायदान मात्र बसतं. माउलींनी आधी खळांचा वाकडेपणा जावो म्हटलं, आणि मग ज्याला जे हवं ते मिळो म्हटलं. क्रम बघा. १९३२ साली ऑल्डस हक्स्लीनं एका कादंबरीत एक राज्य रंगवलं, तिथं प्रत्येकाला हवं ते मिळतं. कालगणना मोटारवाल्या फोर्डच्या नावानं चालते. मुलं बाटल्यांत वाढतात, आणि कुणाला काय हवंसं वाटावं हे त्यांना झोपेत ऐकवून आधीच ठरवलेलं असतं. तरी मन उदास झालंच तर सोमा नावाची गोळी. म्हणजे वांछाच गाळून घ्यायची, मग पुरवायला कितीसं लागतं? वाकडेपणा सरळ करायचं कलम त्यांनी खोडून टाकलं. एका कीर्तनाचा विषय आहे हा. तुम्ही रंगवलात तर मी येळ्ळूरला ऐकायला येते.

सगळी नावं परदेशी. मराठीत काय वाचावं?
— चिकोडी

जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. जमिनीखाली एक पेटी सापडते आणि तिच्यातल्या सूचनांवरून एक अतिहुशार यंत्र तयार होतं. नारळीकर आपल्या शेजारचे, जन्म कोल्हापूरचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपली आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस पहिलं आलं.

दुसरं नाव ऐकून तुम्ही चकराल: मर्ढेकर. ‘काही कविता’ हा १९४७ चा संग्रह घ्या आणि पिपात मेलेल्या ओल्या उंदरांची कविता वाचा. त्यात रोबोट नाही, अवकाशयान नाही. तरी यंत्रयुगात माणसाचं काय होतं ते मला तिथं जेवढं दिसलं तेवढं तीनशे पानांच्या कादंबऱ्यांत दिसलं नाही. वर्गात शिकवताना मुलं हसायची, उंदीर काय कवितेत! मी हसू द्यायची.

बाई, माझ्या आजीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता रेशनला तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, मी काय करू, मशीनच नाही म्हणतंय. शिवाय एका कागदावर तिचं नाव भागीरथी आहे, दुसऱ्यावर बागिरती, त्यामुळं पेन्शनही अडलीय. तुमच्या त्या कादंबऱ्यांत हे कुठं आहे?
— एक नात, निपाणीजवळचं गाव

पोरी, तुझ्या पत्रासाठी मी ही पानं मागून घेतली.

विडी वळताना मी पाहिलंय. भिजवलेलं तेंदूचं पान कातरायचं, चिमटीनं जर्दा भरायचा, अंगठा आणि तर्जनीत गुंडाळायचं, दोरा मारायचा, टोक नखानं मुडपायचं. मजुरी हजारावर. चाळीस वर्षं रोज शेकड्यांनी पानं त्या दोन बोटांवरनं गेली. रेषा पानांनी पुसल्या, तंबाखूनं पुसल्या. आजीचं बोट आता गोटीसारखं गुळगुळीत असेल.

आणि ही अंगठ्याची विद्या आपल्याच देशात घडलेली. १८५८ साली बंगालात हुगळीकडं हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा हात. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह सुरू झाला तोही बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवण्याच्या सक्तीवरनं. १९०८ साली जोहान्सबर्गला लोकांनी नोंदणीचे दाखले जाळले. पूर्वी आपण ‘अंगठाछाप’ म्हणून अडाण्याला हिणवायचो. आता प्राध्यापकालाही अंगठाच द्यावा लागतो. या सगळ्यांचा हिशेब एकाच गोष्टीवर उभा होता: बोटावरच्या रेषा जन्मभर बदलत नाहीत. बदलत नाहीत हे खरं. पुसल्या जातात, हे विडी वळणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही.

कादंबऱ्यांत हे कुठं आहे, म्हणतेस. मी शोधलं. थोडंच सापडलं. जवळजवळ सगळ्या लेखकांनी भीती लिहिली ती पाहणाऱ्या यंत्राची. काच, डोळा, पडदा. न पाहणाऱ्या यंत्राची भीती फार थोड्यांना सुचली, कारण लिहिणाऱ्यांची बोटं शाबूत होती.

एक सिनेमा आहे, १९८५ चा, टेरी गिलियमचा ‘ब्राझील’. कचेरीत एक माशी मारली जाते, ती छापणाऱ्या यंत्रात पडते आणि टटलचं बटल होतं. एका अक्षरापायी भलत्याच गरीब संसारी माणसाला घरातून उचलून नेतात, तो कोठडीत मरतो. चूक उमगल्यावर त्याच्या बायकोकडं काय जातं? जादा आकारलेल्या पैशाच्या परताव्याचा चेक. तुझ्या आजीच्या नावातला भ चा ब माशीनं केलेला नाही. आपल्या भागात एकच नाव देवनागरीतून कन्नडमध्ये आणि तिथनं इंग्रजी अक्षरांत जातं. कन्नड बोलणाऱ्याच्या तोंडी भ हलका होऊन ब होतो, थ चा त होतो. कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं, त्याच्यावर माझा राग नाही. समोरासमोर तो आणि आजी एकमेकांना ओळखतात. दोन कागद मात्र एकमेकांना ओळखत नाहीत.

दुसरी गोष्ट ई. एम. फॉर्स्टरची, १९०९ सालची. हाच फॉर्स्टर पुढं देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा चिटणीस म्हणून राहून गेला. त्याच्या गोष्टीत माणसं जमिनीखाली, मधमाश्यांच्या घरट्यासारख्या एकेकट्या खोल्यांत राहतात. अन्न, हवा, गाणं, सगळं ‘यंत्र’ पुरवतं. एक दिवस गाण्यात खरखर येते. बाई दुरुस्ती समितीकडं तक्रार करते. समिती म्हणते बघू. खरखर वाढते, आणि थोड्या दिवसांनी लोकांना ती गाण्याचाच भाग वाटायला लागते. मग आंघोळीच्या पाण्याला वास येतो, त्याचीही सवय होते. ‘मशीनच नाही म्हणतंय’ हे वाक्य दुकानदार आता जांभई देत म्हणत असेल, आणि रांगेतली माणसं मान हलवत असतील. मला त्या मानांची भीती वाटते.

आता कामाचं. दहाही बोटं लावून बघ. करंगळीनं सहसा एवढं काम केलेलं नसतं. डोळ्याच्या बाहुलीवरनं ओळख पटवता येते, आणि आधारला फोन जोडलेला असेल तर त्यावर येणाऱ्या आकड्यानंही. तेही जमलं नाही तर वहीत नोंद करून धान्य द्यायला सांग. यातलं काहीच नको म्हणाले तर कारण लिहून माग. तोंडी ‘नाही’ म्हणायला यंत्र पुढं करतात, लिहून द्यायला माणसाला स्वतःची सही करावी लागते. नावासाठी, भागीरथी आणि बागिरती ही एकच बाई आहे, असं प्रतिज्ञापत्र करून दोन्हीकडं लाव. मराठीतनं केलंस तर कन्नड प्रत सोबत जोड, नाहीतर हेलपाटा वाढेल. जाताना आजीला घेऊन जा. आणि काय झालं ते मला कळव.

ही उत्तरं तुम्हीच लिहिता, की हल्लीसारखं एआयला सांगता?
— एक शंकेखोर, शहापूर

मीच लिहिते, म्हणूनच पानं वाढतात. खरं तुमचं पत्र आल्यावर मी गंमत म्हणून फोनवर बोलून लिहायचा प्रयोग केला. शेजारचा पोरगा पायरीवर काहीतरी वाचत बसला होता. त्याला विचारते तसं फोनला म्हटलं, ‘काय वाचूलास रे?’ (म्हणजे काय वाचतोयस.) पहिल्यांदा त्यानं लिहिलं, ‘काय वाचू लास रे’. दुसऱ्यांदा, ‘काय वाचू लागलास रे’. तिसऱ्यांदा मी तोंड जवळ नेऊन सावकाश बोलले, तर, ‘काय वाचू? लाज रे’. पोरगा पायरीवर लोळून हसला.

ऑर्वेलच्या राज्यात एक माणूस शब्दकोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करत असतो. ती दहावीपेक्षा लहान होणार याचा त्याला फार आनंद असतो. आमच्या बोलीला कुणी आनंदानं वगळलेलं नाही. आम्ही त्या यंत्राच्या कानावर कधी गेलोच नाही.

संपादकांना निरोप: वरचं ‘वाचूलास’ शुद्धलेखन तपासणाऱ्याला दुरुस्त करू देऊ नका. मागच्या अंकात त्यानं माझं ‘खरं’ काढून ‘पण’ केलं होतं.